कच्चं मडकं

माकणीच्या धरणात अडतं ते तेरणेचं पाणी. याच नदीवर, वरच्या अंगाला तेर आहे, संत गोरा कुंभारांचं, म्हणजे गोरोबाकाकांचं गाव.

आख्यायिका तुम्हाला ठाऊकच असेल. संतांच्या मेळ्यात मुक्ताईनं विचारलं, काका, यातलं कच्चं मडकं कोणतं? काकांनी थापटणं उचललं, एकेका संताच्या डोक्यावर ठोकलं. बाकीचे गप्प राहिले, नामदेव चिडले. काका म्हणाले, हेच कच्चं मडकं. नामदेव म्हणजे विठ्ठलाचे लाडके! त्यांचं मन राखायला काकांना गोड बोलता आलं असतं. पण कुंभार कच्चं मडकं पक्कं म्हणून कसं खपवणार?

मला कौतुक नामदेवांचंही वाटतं. रुसवा गिळून त्यांनी विसोबा खेचरांना गुरू केलं. नामदेवांची ६१ पदं आज गुरू ग्रंथ साहिबात आहेत.