दहा टक्क्यांच्या आत

विद्यापीठाची पदवी स्वीकारणारा स्नातक समाजाला एक हमी देत असतो: त्याच्या नावावर नोंदलेले काम त्याने स्वतः केले आहे, आणि जे इतरांकडून घेतले ते कोणाचे, हे त्याने उघडपणे सांगितले आहे. आज ज्यांना विद्यावाचस्पती ही पदवी प्रदान होत आहे, त्यांच्या बाबतीत ही हमी प्रबंधाला जोडलेल्या साम्य-अहवालाने तपासली गेली, असे सर्वत्र मानले जाते. ही समजूत अपुरी आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्या संशोधकाच्या बाबतीत तर ती धोकादायक आहे.

दुसऱ्याचे लेखन किंवा कल्पना स्वतःची म्हणून मांडणे, म्हणजेच वाङ्मयचौर्य, रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली विनियम लागू केले. त्यांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास शिक्षा नाही. ४० टक्क्यांपर्यंत आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ६० टक्क्यांपर्यंत एक वर्ष प्रबंध सादर करता येत नाही आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. नियम आवश्यकच होता. मात्र त्यानंतर संशोधन केंद्रांत प्रबंधात नवे काय आहे यापेक्षा ‘किती टक्के आले’ हाच प्रश्न आधी विचारला जाऊ लागला, आणि वाक्ये उलटसुलट करून, प्रतिशब्द घालून आकडा खाली आणण्याचे काम पैसे घेऊन करून देणारेही निर्माण झाले.

साम्य मोजणारी संगणकप्रणाली शब्दांचे क्रम तिच्या संग्रहातील मजकुराशी ताडून पाहते. विचार कोणाचा, हे तिला कळत नाही. इंग्रजी किंवा हिंदी ग्रंथातील एखादे प्रकरण मराठीत उतरवून लेखकाचे नाव न घेता प्रबंधात घातले, तर शब्द बदललेले असल्याने अहवाल निर्दोष येऊ शकतो. भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे ‘शोधगंगा’ हे भांडार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने उभारले आहे, पण त्यातले जुने प्रबंध पुष्कळदा पानांच्या नुसत्या छायाप्रती आहेत. शिवाय श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर वाचणाऱ्याला देवनागरी दिसला, तरी संगणकापाशी तो रोमन अक्षरांची आणि इतर चिन्हांची अर्थहीन रांग म्हणूनच साठवलेला असतो. आता तर संगणकाकडूनच परिच्छेद लिहून घेता येतात, आणि ते कोठूनही जसेच्या तसे उतरवलेले नसल्यामुळे साम्याच्या मोजणीत सहज सुटतात. अशा स्थितीत मराठी प्रबंधावरचा लहान आकडा त्या प्रबंधाच्या खरेपणाविषयी फारसे काही सांगत नाही, आणि म्हणून मराठीत सचोटीचा सगळा भार लिहिणाऱ्यावरच येतो.

हा भार कशासाठी वाहायचा, याचे उत्तर पुण्यातच सापडते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली, आणि १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक असलेले विष्णु सीताराम सुकथनकर यांनी घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे तिच्या पानापानाच्या तळाशी कोणत्या हस्तलिखितात कोणता वेगळा पाठ आहे, हे खुणांनी नोंदलेले आहे. संपादकांचा निर्णय ज्याला पटत नाही, त्या वाचकाला त्यांनीच मांडून ठेवलेल्या पुराव्याच्या आधारे तो खोडून काढता येतो. आधार सांगणे म्हणजे वाचकाच्या हाती स्वतःला खोटे ठरवण्याचे साधन देणे होय. वाङ्मयचौर्य हे साधन काढून घेते, आणि मूळ लेखकाची चूक असेल तर तिचा उगम कळण्याची वाटही बंद करते.

ऋण केवळ छापील ग्रंथांचे नसते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा करताना गाणाऱ्या स्त्रीचे नाव आणि गाव यांची नोंद ठेवली. ज्या प्रबंधात अशाच स्त्रियांनी तासन् तास बसून सांगितलेले ‘परिसरातील महिलांकडून संकलित’ एवढ्या एका ओळीत गुंडाळले जाते, तो अहवालात शून्य टक्के ठरला तरी त्याने दुसऱ्याचे ज्ञान नाव न घेताच वापरलेले असते. नाव छापण्याआधी त्या स्त्रीची संमती विचारणे हाही याच कर्तव्याचा भाग आहे.

आजच्या पदवीधरांपैकी काही जण उद्या स्वतः मार्गदर्शक होतील, आणि विनियमांप्रमाणे विद्यार्थ्याचे काम वाङ्मयचौर्यापासून मुक्त असल्याचे प्रमाणपत्र त्यांना द्यावे लागेल. त्या कागदावर सही करण्याआधी संदर्भसूचीतील इंग्रजी आणि हिंदी ग्रंथ काढून प्रबंधाची प्रकरणे त्यांच्याशी ताडून पाहणे हे मार्गदर्शकाचे काम आहे, आणि ते वेळखाऊ असल्यामुळे विद्यापीठांनी त्या वाचनाचे तास अध्यापकाच्या कार्यभारात धरले पाहिजेत.