स्वतःविषयी लिहिण्याची ओढ आणि प्राथमिक शाळा



माणूस स्वतःविषयी का लिहितो, हा प्रश्न वरवर पाहता साहित्यिकांचा वाटतो. वस्तुतः तो प्राथमिक शाळेचा प्रश्न आहे. नुकतीच अक्षरओळख झालेले मूल पाटीवर, भिंतीवर, ओल्या मातीत पुनःपुन्हा स्वतःचे नाव काढीत असते. ही केवळ खोडी नव्हे. या ओढीचे मर्म ज्या शिक्षकास उमगले, त्याचे लेखनाच्या अध्यापनाचे निम्मे काम झालेच म्हणून समजावे.

जुन्नर तालुक्यातील शिक्षकास याच्या उदाहरणासाठी दूर जावयास नको. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. कोणते यज्ञ केले आणि दक्षिणा किती दिली, याचा आकड्यांनिशी तपशील त्यात आहे. परंतु लिहून ठेवण्याची इच्छा राजघराण्यापुरती नव्हती. जुन्नरभोवतीच्या डोंगरांतील बौद्ध लेण्यांत सामान्य दात्यांचेही लेख आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दिले, तर इरिल नावाच्या एका यवनाने दोन टाकी दिली, असे ते सांगतात. नाव कोरले नसते तरी टाक्यात पाणी साठलेच असते. तरीही नाव कोरले गेले. कारण आपण होतो आणि आपल्या हातून हे घडले, याची साक्ष मागे राहावी, असे माणसास वाटते.

मात्र दगड फार थोडे सांगतो. तो यवन कोणत्या वाटेने आला, त्यास घरची आठवण येत असे काय, हे आज कोणास ठाऊक नाही. अशी मनातील गोष्ट टिकते ती माणसाने स्वतः सविस्तर लिहिली तरच. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवावी म्हणून उत्तरेस निघाले आणि 1857 च्या धामधुमीत सापडले. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी आठवणी लिहून काढल्या. 1907 मध्ये ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध झाला. सेनापतींचे खलिते अन्यत्र मिळतात. परंतु वेढ्यात सापडलेल्या झाशीतील सामान्य माणसाची भीती व भूक या भिक्षुकाच्या लेखणीतून कळते. जे पाहिले ते विसरले जाऊ नये, हे लिहिण्याचे पहिले कारण होय.

दुसरे कारण दुःखास वाचा फोडण्याचे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. 1855 मध्ये तो ‘ज्ञानोदय’ पत्रात छापला गेला. तिच्या समाजाविषयी तोवर इतर बोलत असत. आता त्याच समाजातील एक विद्यार्थिनी बोलू लागली. शाळेने तिला केवळ अक्षरे दिली नाहीत. आपले म्हणणे लिहिण्याजोगे आहे, हा विश्वास दिला.

तिसरे कारण, आपले लिहिलेले कोणीतरी वाचावे, ही आस. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवीत. छापखाना नाही, पैसा नाही. एक शिक्षक आणि त्याची मुले, एवढाच तो संसार. पुढे 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. महाराष्ट्राच्या घराघरांत गेलेल्या त्या पुस्तकाच्या आधी मुलांसाठी रोज लिहिण्याचा हा परिपाठ होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आंबेगाव तालुक्यास तर या विषयाची निकड अधिक आहे. ज्या गावावरून तालुक्यास नाव पडले, ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. 30 जुलै 2014 रोजी सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. नेहमीच्या जागी गाव दिसेना, हे एस.टी.च्या चालकाने पाहिले, तेव्हा बाहेर वार्ता कळली. घरांची संख्या व जमिनीचे क्षेत्र दप्तरात सापडते. परंतु कोणत्या ओट्यावर संध्याकाळी बायका बसत, मुले कोणत्या झाडाखाली खेळत, हे कोणत्याही दप्तरात नसते. एखाद्या मुलाच्या वहीत ते असू शकले असते.

म्हणून शाळेत प्रत्येक मुलाची एक निराळी वही असावी. आठवड्यातून दोनदा अर्धा तास पुरेसा आहे. ‘माझा आवडता ऋतू’ हा विषय नको. त्यावर मुले पाठ केलेलीच वाक्ये लिहितात. हिरडा गोळा करावयास आईबरोबर गेल्याचा दिवस, उसाच्या शेताजवळून जाताना वाटलेले बिबट्याचे भय, आईबाप मजुरीसाठी नारायणगावाकडे गेल्यावर आजीजवळ काढलेली रात्र, हे खरे विषय होत.

या वहीस तांबडी शाई लावू नये. ‘मपली आय’ असे लिहिणाऱ्या मुलास प्रथम त्याच्या आईविषयी विचारावे; प्रमाणभाषेचा पाठ दुसऱ्या तासास, दुसऱ्या वहीत घ्यावा. पहिल्याच वाक्यास फुली बसली, की मूल शुद्ध लिहावयास शिकत नाही. ते फक्त लपवावयास शिकते. तसेच, मुलाच्या संमतीवाचून त्याचे लेखन वर्गात वाचू नये. घरातील भांडण किंवा वडिलांचे व्यसन त्याने विश्वासाने लिहिलेले असते. मात्र मुलास काही इजा पोहोचत आहे असे दिसल्यास शिक्षकाने स्वस्थ बसू नये. जी मुले आपण होऊन देतील, त्यांच्या लेखनाचे हस्तलिखित वर्षातून एकदा काढून ग्रामस्थांपुढे ठेवावे.

आणि शिक्षकाने स्वतःही अशी वही ठेवावी. पाठटाचणात काय शिकवावयाचे ते असते. कोणते मूल आज प्रथम बोलले, कोणते चार दिवस गप्प आहे, हे त्यात नसते. जो शिक्षक हे रोज चार ओळींत लिहील, तो उद्या वर्गात शिरताना त्या गप्प मुलाकडे प्रथम पाहील.