पडद्यावरचा रंग, कागदावरचा रंग



फोटोच्या दुकानातला एक संवाद सगळ्या गावांत सारखाच. गिऱ्हाईक म्हणतं, "कॉम्प्युटरवर तर छान दिसत होता, कागदावर असा काळवंडला कसा?" दुकानदार म्हणतो, "तुमची फाईलच तशी होती." गंमत म्हणजे बहुतेक वेळा दोघंही खरंच बोलत असतात.

पडदा म्हणजे एक दिवा. लाल, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाश मिसळून तो रंग तयार करतो; तिन्ही पूर्ण पेटले की पांढरा दिसतो. कागदाला स्वतःचा उजेड नाही. त्याच्यावर पडलेल्या उजेडाचा काही भाग शाई गिळते, उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. आकाशी, किरमिजी, पिवळी शाई एकावर एक चढत गेली की काळोख दाटत जातो. त्यामुळे दिव्याचा रंग शाईत उतरवणं हे भाषांतरासारखं काम आहे. अर्थ पोचतो, थोडा नाद मागे राहतो.

हे भाषांतर नीट व्हावं म्हणून पडदा 'कॅलिब्रेट' करतात. एक छोटं यंत्र पडद्याला टेकवून ठेवतात. पडदा एकेक ठरावीक रंग दाखवतो, यंत्र तो मोजतं आणि कुठे किती फरक आहे त्याची नोंद एका फाईलमध्ये होते. तिला प्रोफाइल म्हणतात. अशा प्रोफाइलची सर्वांना चालेल अशी पद्धत ठरवण्यासाठी १९९३ मध्ये काही कंपन्यांनी मिळून एक आंतरराष्ट्रीय संस्थाही काढली. एवढं केलं की पडदा खरं बोलू लागतो. पण लग्न जुळवताना एकाच बाजूची चौकशी करून भागत नाही. प्रिंटर, शाई आणि कागद यांचीही वेगळी प्रोफाइल लागते. कागद चकचकीत की खरखरीत, यावरही तीच शाई वेगळी दिसते.

आमच्या अम्मीचा एकच रंगीत फोटो घरात होता. पोपटी ओढणी, सावळा चेहरा. ती गेल्यावर तो मोठा करून लावायचं ठरलं. शेजारच्या एका हुशार मुलानं तो स्कॅन करून साफ केला. त्याचा पडदा कॅलिब्रेट केलेला होता आणि त्यावर अम्मी अगदी अम्मीच दिसत होती. लॅबमधून पहिली प्रिंट आली, ती काळपट. तक्रार केली. दुसरी आली, तिच्यात अम्मी चक्क गोरी झाली होती! माझ्या मोठ्या बहिणीनं प्रिंट हातात घेतली आणि विचारलं, "ही कुणाची आई आणलीस?"

दोन्ही प्रिंटमागची कारणं वेगळी होती. त्या मुलानं रंग मोजले होते, पण उजळपणा पडदा विकत आणला तेव्हा होता तसाच ठेवला होता. नवे पडदे अनेकदा २५० कँडेला किंवा त्याहून जास्त तेजानं झगमगतात. छपाईसाठी फोटो तपासताना ते साधारण ८० ते १२० असावं लागतं. झगमगत्या पडद्यावर फोटो उजळ वाटतो, म्हणून आपण तो थोडा गडद करतो. कागद मग तो गडदपणा इमानदारीनं दाखवतो.

दुसऱ्या प्रिंटला लॅबच्या मशीनची आपोआप सुधारणा लागू झाली होती. चेहरा सावळा दिसला की उजळ करायचा, ही खोड जुनी आहे. अमेरिकेतली कोडॅक कंपनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून लॅबना रंग जुळवण्यासाठी एक नमुना-कार्ड देत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असे. तिचा चेहरा नीट आला की मशीन नीट! निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेलं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडलं. मोजमापाच्या पट्टीवरही कुणाचा तरी चेहरा असतो, तो असा.

तिसऱ्या वेळी त्या मुलानं पडद्याचं तेज उतरवलं. लॅबकडून त्या कागदाची प्रोफाइल मागवली आणि कागदावर काय दिसेल ते पडद्यावरच आधी पाहून घेतलं. याला 'सॉफ्ट प्रूफ' म्हणतात. त्यात ओढणीचा पोपटी रंग जरा मंद झाला, कारण पडद्यावरचे काही झळझळीत रंग कागदाला पेलतच नाहीत. मग आपोआप सुधारणा बंद ठेवायला सांगून आधी एक लहान प्रिंट काढून घेतली. घरच्या प्रिंटरवर छापणाऱ्यांनी आणखी एक सांभाळावं. रंग बदलण्याचं काम फोटोच्या सॉफ्टवेअरकडे द्यावं किंवा प्रिंटरकडे. दोघांनीही केलं, तर एकाच पोळीला दोनदा तूप लागतं.

राहिला उजेड. साडीच्या दुकानात आपल्या बायका साडी घेऊन दारापाशी जातात आणि दिवसाच्या उजेडात रंग पाहतात. छपाईचे जाणकार तेच करतात. त्यासाठी ते ५००० केल्व्हिनचा ठरावीक दिवा वापरतात. पिवळ्या बल्बखाली पाहून प्रिंटला नावं ठेवू नयेत, आणि फोटो जिथे लावायचा तिथल्या उजेडात एकदा धरून पाहावा.

पडदा आणि कागद शंभर टक्के कधीच जुळत नाहीत. म्हणून काय सोडायचं आणि काय सोडायचं नाही, हे आधी आपणच ठरवावं. ओढणीचा पोपटी रंग थोडा उतरला, तो आम्ही चालवून घेतला. चेहऱ्याचा सावळा रंग मात्र चालवून घेण्यातला नव्हता. तुम्हीही आपल्या माणसाचा फोटो मोठा करायला द्याल, तेव्हा पाकिटावर मापाखाली ठळक अक्षरांत एक ओळ जरूर लिहा : 'चेहरा उजळ करू नये.'