लहान धक्क्यांचा हिशेब



वर्गातील मुलांची उंची मोजली तर बहुतेक मुले सरासरीच्या आसपास निघतील. भूकंपांचे तसे नाही. त्यांना ‘सरासरी’ असा आकारच नसतो. खडी फोडताना पाहा. मोठे तुकडे मोजके, लहान पुष्कळ, आणि चुऱ्याची तर गणतीच नाही. भूगर्भातील भ्रंशांवर, म्हणजे खडक जेथे चिरून सरकतो तेथे, धक्क्यांची वाटणी याच धर्तीची असते. गुटेनबर्ग व रिश्टर यांनी कॅलिफोर्नियातील नोंदींवरून १९४४ साली नियम मांडला: रिश्टर मापनात एक अंक खाली उतरा, धक्के सुमारे दसपट होतात.

आपल्या कोयनेचेच पाहा. १९६२ साली धरणात पाणी साठू लागले. तेव्हापासून त्या परिसरात ५ च्या वरचे धक्के वीसेक झाले, ४ च्या वरचे सुमारे दोनशे, आणि ३ च्या वरचे हजारोंनी. सर्वांत मोठा ११ डिसेंबर १९६७ चा, ६.३ चा.

आता एक गैरसमज. “लहान धक्के होताहेत ते बरेच, जमिनीतला ताण निघून जातो,” असे शहाणीसुरती माणसेही म्हणतात. विद्यार्थ्यांनी वहीत गणित करावे. एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते, दोन अंकांनी हजार पट. म्हणजे ६ च्या एका धक्क्याची ऊर्जा ४ च्या हजार धक्क्यांएवढी. पण नियमाप्रमाणे ६ च्या एका धक्क्यामागे ४ चे धक्के होतात शंभरच! चिल्लर देऊन हे कर्ज फिटत नाही.

एकाच भ्रंशाला हा नियम तंतोतंत लागू पडतो का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे; काहींच्या मते मोठा भ्रंश स्वतःच्या लांबीजोगा ठराविक मोठा धक्का पुनःपुन्हा देतो. आणि तारीख तर कोणताच नियम सांगत नाही.

किल्लारीला १९९२ साली लहान धक्के जाणवले होते. तसे धक्के बहुधा पुढे काही न होता विरतात. तेथे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास ६.२ चा भूकंप झाला. तेव्हाच्या नकाशात ते गाव सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होते! हजारो माणसे झोपेतच गेली, ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदांखाली. अशी जुनी घरे आपल्या जालना जिल्ह्यातही खेडोपाडी आहेत. पालकांनी भिंतीचे दोन्ही पदर आरपार दगडांनी सांधलेले आहेत का, माळवदावर दरसाल मातीचे नवे थर चढत आहेत का, हे गवंड्याकडून तपासून घ्यावे.