विद्यापीठाचे ग्रंथालय आणि भातसाकाठचा वाचक

(सापगाव, ता. शहापूर येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



विद्यापीठाच्या ग्रंथालयात भरणारी प्रदर्शने आणि तेथे होणारे लोकांसाठीचे कार्यक्रम हा विषय सापगावात कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. विद्यापीठ मुंबईत, ग्रंथालय मुंबईत, आणि प्रदर्शनाची फीत कापणारेही मुंबईचेच. पण शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतील महाविद्यालये मुंबई विद्यापीठालाच जोडलेली आहेत. येथील मुलामुलींच्या पदवीवर शिक्का उमटतो तो त्याच विद्यापीठाचा. विद्यापीठ ज्या सार्वजनिक पैशावर चालते, त्यात येथील माणसाने साबणावर आणि काड्यापेटीवर दिलेल्या कराचा अंश आहे. म्हणजे हे ग्रंथालय कायद्याने आणि पैशाने येथल्या लोकांचेही आहे. व्यवहारात मात्र शहापुरातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या किती जणांनी ते आतून पाहिले असेल, याचा अंदाज प्रत्येकाने मनाशी करावा.

सापगाव भातसा नदीच्या काठी वसलेले आहे. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात तलावांच्या एकूण साठ्यापैकी जवळजवळ निम्मा साठा एकट्या भातसा धरणाचा आहे. १८९२ साली पुरे झालेले तानसा धरणही याच तालुक्यातले. उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहणाऱ्या बायकांना हा हिशेब कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. पाण्याच्या या व्यवहारावर पुष्कळ बोलले गेले आहे आणि अजून पुष्कळ बोलले गेले पाहिजे. आज बोलावयाचे आहे ते उलट दिशेच्या व्यवहाराविषयी. महानगराने आपल्या कपाटांत जे साठवून ठेवले आहे, त्यातले काय परत येते?

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. फोर्टमधील ग्रंथालयाची इमारत आणि तिच्यावरचा राजाबाई टॉवर ज्या देणगीतून उभा राहिला, ती देणगी प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याने १८६४ साली दिली. दोन लाख ग्रंथालयासाठी, दोन लाख मनोऱ्यासाठी. मनोऱ्याला नाव आपल्या आईचे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात पैशाचा पूर आला. त्या पुरातला हा पैसा. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि खुद्द प्रेमचंदांचीही पडझड झाली. तेजीच्या वर्षांत दख्खनच्या शेतकऱ्याला सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले होते, तेजी ओसरल्यावर तेच कर्ज फास होऊन बसले. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले आणि दंग्यांचे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. मनोऱ्याचे बांधकाम त्या वेळी चालू होते. ते १८७८ मध्ये पुरे झाले. ज्याने आराखडा काढला त्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने मुंबई कधी पाहिलीही नव्हती.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, २०१५ मध्ये या वास्तूची दुरुस्ती पुरी झाली, रंगीत काचांच्या खिडक्या पुन्हा झळकू लागल्या, आणि त्या वास्तूविषयी पुष्कळ कौतुकाने लिहिले गेले. ते कौतुक रास्तच आहे, कारण वास्तू सुंदर आहे. पण त्याच छताखाली दख्खन दंगा चौकशी आयोगाच्या अहवालाची पाने, कापसाच्या भावांचे तक्ते आणि १८७९ च्या शेतकरी साहाय्य कायद्याचा मसुदा शेजारी शेजारी मांडला, तर ते प्रदर्शन पाहणाऱ्याला इमारतीच्या दगडांपेक्षा मोठी गोष्ट कळेल. प्रदर्शन म्हणजे नुसती मांडणी नव्हे. कोणता कागद कोणत्या कागदाशेजारी ठेवावयाचा, हा ज्ञानाचा निर्णय असतो आणि राजकीय निर्णयही असतो.

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत प्रदर्शने भरत नाहीत असे मुळीच नाही. १४ एप्रिलला बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथांचे प्रदर्शन असते, १२ ऑगस्टला ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांची जयंती, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. टेबलावर हिरवे कापड, त्यावर ग्रंथांची मुखपृष्ठे, दारात रांगोळी, प्रमुख पाहुण्यांचे दोन शब्द, अभिप्रायवही. दुसऱ्या दिवशी ग्रंथ पुन्हा कपाटात. कपाटाची किल्ली आहे तेथेच असते. या उपचाराची थट्टा करण्याचे कारण नाही. अपुऱ्या नोकरवर्गात, रिकाम्या राहिलेल्या पदांचा भार वाहत ग्रंथालयातील माणसे एवढे करतात, हेही थोडे नव्हे. परंतु हे सर्व ज्याच्यापाशी ओळखपत्र आहे त्याच्यासाठी चालते. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने ग्रंथालयाला ‘ज्ञानस्रोत केंद्र’ असे भारदस्त नाव दिले. स्रोत म्हटला की त्याने कोठेतरी वाहिले पाहिजे, एवढीच अपेक्षा.

‘प्रवेश विनामूल्य’ अशी पाटी प्रदर्शनाच्या दाराशी लावलेली असते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने या पाटीकडे संशयाने पाहावे. सापगावच्या माणसाने आसनगाव स्थानक गाठावयाचे, तेथून लोकलने दोन तासांहून अधिक प्रवास करून मुंबईस उतरावयाचे, आणि संध्याकाळी तसेच परतावयाचे. गाडीभाडे, वाटेतला चहा-वडा, आणि सर्वांत मोठा खर्च म्हणजे बुडालेली दिवसाची मजुरी. ही त्या विनामूल्य प्रवेशाची किंमत. चर्चगेटजवळ राहणाऱ्याला तीच गोष्ट खरोखरीच फुकट पडते. वाचक एक असो वा शंभर, छापलेल्या ग्रंथावर ग्रंथालयाचा जादा खर्च जवळजवळ काही होत नाही. खर्च होतो तो ग्रंथापर्यंत पोचण्याचा, आणि तो दूरच्या आणि गरीब माणसावर जास्त पडतो. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने हा खर्च वाचकाच्या माथ्यावरून काढून स्वतःच्या अंगावर घेतला पाहिजे. यात औदार्य काही नाही, हा साधा न्याय आहे.

आता या तालुक्यांच्या दृष्टीने सर्वांत निकडीचे काय, ते पाहू. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा कायदा २००६ साली झाला, त्याचे नियम २००८ पासून अमलात आले. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांच्या वस्त्या या डोंगरपट्ट्यात आहेत आणि जंगलजमीन कसणारी बिगर-आदिवासी कुटुंबेही आहेत. कायद्याने १३ डिसेंबर २००५ ही तारीख ठरविली. इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेपूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. गणित करा: १९३० च्या आसपासचा पुरावा! दप्तर जपण्याचे साधन ज्या घरात नव्हते, त्या घराने तो आणावा कोठून?

आणि येथेच ग्रंथालयाचा संबंध येतो. पुरावा म्हणून काय चालेल, याची यादी त्याच नियमांत दिली आहे. तिच्यात गॅझेटियर आहेत, जनगणनेचे अहवाल आहेत, पाहणी आणि जमाबंदीचे अहवाल आहेत, नकाशे आहेत, वनखात्याच्या कार्ययोजना आहेत, नामांकित संस्थांनी केलेले संशोधन आहे. दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदनही आहे. शेवटची बाब वगळली तर ही यादी म्हणजे एखाद्या जुन्या विद्यापीठ-ग्रंथालयाच्या कपाटांची सूचीच वाटावी. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा तेरावा खंड ठाणे जिल्ह्याचा. तो १८८२ मध्ये दोन भागांत निघाला. गावे, जाती-जमाती, जंगल, शेती, कर्ज, सारा यांची त्यात तपशीलवार नोंद आहे. १९३९ मध्ये सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याचा अहवाल छापला गेला. इलाख्यातील आदिवासींची वेठ आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणाऱ्या लग्नगड्यांची स्थिती त्याने सरकारपुढे मांडली. पुढे सहा वर्षांनी उंबरगाव-डहाणूकडे वारल्यांचा उठाव झाला, तो या पार्श्वभूमीवर. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे तो उठाव मराठी वाचकाला ठाऊक आहे. सिमिंग्टनचा अहवाल मात्र ठाऊक आहे तो प्रबंध लिहिणाऱ्यांना.

हे कागद आज इंटरनेटवर मिळतात, मग प्रदर्शन कशाला, असे कोणी म्हणेल. मिळतात, काही अंशी. पण ते इंग्रजीत आहेत, शेकडो पानांचे आहेत, आणि जुन्या हिज्ज्यात लिहिलेले आपल्या गावाचे नाव शोधून काढणे पदवीधरालाही सोपे जात नाही. पाड्यावरच्या वनहक्क समितीच्या अध्यक्षाच्या हाती मोबाईल आहे, म्हणून गॅझेटियर त्याच्या हाती आले असे होत नाही. हवे आहे ते असे: संबंधित पाने मोठ्या आकारात काढून फलकांवर लावलेली, शेजारी त्यांचे सोप्या मराठीत भाषांतर, तालुक्याचा जुना नकाशा आणि आजचा नकाशा, आणि दिवसभर तेथे बसून ‘या पानाची साक्षांकित प्रत कशी मिळते’ हे सांगणारा ग्रंथालयाचा एक माणूस. मूळ ग्रंथ पाठविण्याची गरज नाही. शहापूरच्या पावसात शंभर-सव्वाशे वर्षांचा कागद आणणे हा गुन्हाच ठरेल. प्रती पुरेत.

दुसरा कार्यक्रम मोडी वाचनाचा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे जमिनीचे कितीतरी कागद मोडीत आहेत. पेटीच्या तळाशी पुरचुंडीत बांधून ठेवलेला कागद देव्हाऱ्यातल्या टाकाइतका जपला जातो, पण घरातल्या कोणालाही तो वाचता येत नाही. वाचता न येणारा कागद दलालाच्या हाती फार लवकर जातो. समृद्धी महामार्गासारख्या मोठ्या प्रकल्पासाठी तालुक्यात भूसंपादन झाले तेव्हा कागद असणे आणि कागद समजणे यांतले अंतर पैशात मोजले गेले. मोडी जाणणारे दोन अभ्यासक एक दिवस गावच्या शाळेत बसले, आणलेला कागद वाचून त्याचे लिप्यंतर करून दिले, मालकाची परवानगी असेल तर त्याचे छायाचित्र ग्रंथालयासाठी घेतले, तर लोककार्यक्रम म्हणून याहून अधिक काय हवे?

ग्रंथालयाने यावे, तसे येथून घेऊनही जावे. वडीलधाऱ्यांची निवेदने, ठाकर-कातकऱ्यांची गाणी, वनौषधींची नावे, बुडालेल्या गावांच्या आठवणी. मात्र एक अट हवी. पाड्यांवर येऊन प्रश्नावली भरून नेणारे संशोधक पुष्कळ झाले. त्यांचे प्रबंध कोणत्या कपाटात गेले, हे उत्तर देणाऱ्याला कधी कळले नाही. जे नेले जाईल त्याची प्रत गावात राहिली पाहिजे, आणि मराठीत राहिली पाहिजे.

हे काही नवीन वा अव्यवहार्य मागणे नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० पासून ग्रंथालयांची जी यंत्रणा उभारली, तिच्यात फिरत्या पेट्या खेडोपाडी जात. १९३१ मध्ये तंजावर जिल्ह्यातील मन्नारगुडीत रंगनाथन यांच्या प्रेरणेने बैलगाडीतून ग्रंथ फिरले. आपल्याच जिल्ह्यात कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. दोन्ही लोकांनी उभी केलेली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाच्या पेट्या तर परदेशीच्या मराठी कुटुंबांपर्यंत पोचल्या. बैलगाडीला जे जमले ते विद्यापीठाच्या मोटारीला जमू नये?

पैसा कोठून आणावयाचा, हा आक्षेप येईलच. १९६७ चा महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा ग्रंथालय-कर न लावता केला गेला, त्यामुळे गावची वाचनालये अनुदानाच्या वर्गवारीवर कशीबशी जगतात हे खरे. पण येथे मागितलेल्या कामाला नवी इमारत नको की नवे खाते नको. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे आणि तिची सात दिवसांची शिबिरे खेड्यांतच होतात. विद्यापीठात आजीवन अध्ययन व विस्तार विभाग आहे. शिबिरातील विद्यार्थ्यांनी रस्त्याकडेचे गवत काढावे, त्याला कोणाची हरकत नाही. पण इतिहास आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी गॅझेटियरमधील शहापूर-मुरबाडची पाने मराठीत उतरवून आणली, तर त्यांचाही अभ्यास होईल आणि गावाचेही काम होईल.

दिवस निवडताना १२ ऑगस्टचा आग्रह नको. ऐन लावणीच्या मोसमात प्रदर्शनाला येण्यास कोणाला सवड आहे? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ग्रामसभेचे रूढ दिवस. त्यांपैकी २६ जानेवारी आणि १ मे सोयीचे. वनहक्काच्या दाव्यांवर ठराव करण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे, तेव्हा फलक त्याच मांडवात उभे राहिले पाहिजेत.

कार्यकर्त्यांनी करावयाचे ते इतकेच. या दोन तालुक्यांतील ज्या ग्रामसभांपुढे वनहक्काचे दावे पडून आहेत त्यांची गावनिहाय यादी करावी, प्रत्येक ग्रामसभेचा ठराव घेऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे आणि कुलगुरूंकडे पाठवावा, आणि ठरावात ‘सहकार्य करावे’ असे मोघम न लिहिता कोणती पाने, कोणते नकाशे, कोणत्या तारखेस हवेत ते लिहावे. पहिला ठराव सापगावचा असण्यास काही अडचण दिसत नाही. शाळेचे दोन वर्ग आणि सुतळी-खिळे एवढी तयारी गावाची, बाकीची विद्यापीठाची.