जुन्या गाडीचा गंज आणि आपला खिसा

(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीपुढे गंजावर बोलायचे, हे काहींना विचित्र वाटेल. पण वर्गणीच्या निमित्ताने घरोघरी जाणे झाले, तेव्हा तीन-चार घरांत एकच प्रश्न कानावर आला. "गाडी पंधरा वर्षांची झाली, खालचा पत्रा गेला म्हणतात. खर्च करू की काढून टाकू?" विषय असा आपोआप ठरला. मी मोटार मेकॅनिक नव्हे. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि डब्यांच्या देखभालीत निम्मे आयुष्य गेले. पण लोखंड रुळावर धावो की रस्त्यावर, ते कुजते एकाच रीतीने.

आपल्या तंजावरातली बीरंगी मेडूवरची राजगोपाल तोफ सर्वांनी पाहिली असेल. नायक राजांच्या काळातली, सतराव्या शतकातली. ओतीव नव्हे, लोखंडाच्या पट्ट्या आणि कड्या तापवून, ठोकून जोडलेली, सुमारे २६ फूट लांब. इतकी वर्षे ती उघड्यावर ऊन-पाऊस खात पडली आहे आणि अजून धडधाकट आहे. त्याच हवेत आपल्या मोटारीचा तळ बारा-पंधरा वर्षांत चाळणी होतो. जुन्या लोखंडाचा गुण वेगळा होता हे खरे, पण मोठे कारण जाडीचे आहे. तोफेची भिंत काही इंच जाड, मोटारीचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर. जो गंज तोफेची नुसती कातडी खातो, तो मोटारीत आरपार जातो.

गंजाला लोखंड, हवा आणि ओल एवढेच लागते. मीठ मिळाले की त्याला पाय फुटतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून रंग खालून उचलला जातो आणि फोड येतो. लक्षात घ्या, फोड ही सुरुवात नसते. बहुतेक वेळा पत्रा आतल्या बाजूने खाल्ला गेल्यावरच तो बाहेर दिसतो. शिवाय गंज सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो. एकदा बसला की पाऊस थांबला तरी त्याचे काम थांबत नाही.

आमच्या डब्यांत हे रोज पाहायला मिळे. जुन्या पद्धतीच्या डब्याचे वरचे अंग छान रंगवलेले असायचे आणि शौचालयाखालचा तळ आणि बाजूचा सोल बार मात्र पापडासारखा झालेला. कारखान्यात तळ उघडला की नवीन माणसाला धक्काच बसे. जिथे पाणी मुरते आणि वारा लागत नाही, तिथे आधी बघायचे, हे आम्ही तिथेच शिकलो. चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने २०१८ साली तसे डबे बांधणे बंद केले. आताच्या एलएचबी डब्यांची बॉडी स्टेनलेस स्टीलची असते.

मोटारीतल्या तशाच जागा म्हणजे दरवाज्याची खालची कड, दरवाज्याखालचा रनिंग बोर्ड, चाकावरची कमान, डिकीत स्टेपनीचा खड्डा आणि पायाखालच्या गालिच्याखालचा तळ. दरवाज्याच्या खाली पाणी निघून जायला बारीक भोके असतात. ती मातीने बुजली की दरवाजा आतून हौद होतो. खराट्याची एक काडी घेऊन ती मोकळी करायला दोन मिनिटे लागतात, आणि पैसा एकही लागत नाही.

आता टिंकरिंगकडे वळू. महाराष्ट्रातले पाहुणे ज्याला डेंटिंग म्हणतात, त्याला इथे टिंकरिंग म्हणतात. माणूस चांगला असेल तर सडलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापतो, नवा तुकडा वेल्ड करतो, दोन्ही बाजूंनी प्रायमर लावतो आणि पोकळीत मेण किंवा ग्रीससारखे काहीतरी मारतो. घाईचा माणूस गंजावरच नवा पत्रा ठोकतो, वर पुट्टी, म्हणजे आपली लांबी, भरतो आणि रंग मारून देतो. दिवाळीला गाडी नवरीसारखी दिसते. दोन पत्र्यांच्या मध्ये मात्र ओल अडकलेली असते आणि पुढच्या वर्षी भोक दुप्पट. गंज न काढता खालून काळे कोटिंग मारणे हा त्यातलाच प्रकार. म्हणून पुट्टी भरण्याआधी मला बोलवा, असे स्पष्ट सांगा आणि उघडा पत्रा स्वतः बघा. लाज वाटून घेऊ नका, पैसे आपले आहेत.

पैसे आधी कुठे घालायचे, यावर माझे मत ठाम आहे. मारुती ८०० काय किंवा अँबॅसॅडर काय, यांना जीपसारखी वेगळी चॅसिस नाही, बॉडीच सगळा भार घेते. त्यामुळे रनिंग बोर्ड, सीट आणि पट्टा जिथे बोल्टने धरले आहेत ती जागा, सस्पेन्शनची बैठक आणि तळाखालून जाणारे ब्रेकचे लोखंडी पाइप यांना पहिला मान. बॉनेट आणि पुढचा मडगार्ड बोल्टवर असतात, जुन्या बाजारातला घेऊन बदलता येतात. आपण नेमके उलटे करतो. दिसते ते रंगवतो आणि जॅक लावला की रनिंग बोर्ड आत दबतो, तिकडे काणाडोळा करतो. जॅक आत घुसू लागला तर त्या गाडीतून मुलांना शाळेत सोडू नये.

खर्चाचा हिशेब महिन्यावर करा. समजा ३६,००० रुपयांचे काम निघाले आणि त्याने गाडी तीन वर्षे बिनधास्त चालणार असेल, तर महिना हजार रुपये झाले. नव्या गाडीचा हप्ता त्याशेजारी मांडून बघा. पण त्यात बाकीचा खर्चही धरा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाची केंद्राची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ती १०,००० झाली. विम्याचा आधार धरू नका. गंज ही झीज आहे, तिचे पैसे मिळत नाहीत. अपघात झाला तरी दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर निम्मा घसारा कापतात.

आणि थांबायचे कधी? पांबनचा जुना पूल बघा. १९१४ साली सुरू झाला, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात शतकाहून जास्त काळ रंगरंगोटी आणि बदली करत चालवला. त्यावर किती पिढ्यांनी हात काळे केले! तरीही डिसेंबर २०२२ मध्ये गाड्या बंद करण्याची वेळ आलीच आणि एप्रिल २०२५ मध्ये शेजारचा नवा पूल सुरू झाला. इतकी माणसे आणि इतका पैसा असून रेल्वे जिथे थांबते, तिथे आपण वडिलांची गाडी म्हणून किती ओढायची? सस्पेन्शनची बैठक सडली, किंवा दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड आरपार गेले आणि वेल्ड धरायला चांगला पत्राच उरला नाही, तर माझ्या मते तिथे थांबावे. इंजिन सुरेख चालते, हे त्यावर उत्तर नव्हे. मेकॅनिक इंजिनाचेच कौतुक करतो, कारण ते त्याला दिसते.

ज्यांच्या गाड्या अजून बऱ्या आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी. वेळांकण्णी, नागपट्टणम किंवा रामेश्वरम करून आलात की दुसऱ्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. घरच्या बोअरचे पाणी खारट लागत असेल तर ते नको. आणि प्लॅस्टिकचे कव्हर घालून गाडी झाकू नका, आत वाफ कोंडते. साधे झाडाखाली उभे केलेले परवडले, कावळ्यांचा त्रास सोसून.

महाराष्ट्रात पाऊस आता ओसरत आला, आपला ऐप्पसीचा पाऊस अजून यायचा आहे. मधल्या दिवसांत गालिचे काढून तळ उन्हात वाळवून घ्या. रविवारी सकाळच्या आरतीनंतर मी टॉर्च आणि छोटी हातोडी घेऊन मंडपाबाहेर थांबणार आहे. ज्यांना पत्र्याचा आवाज ऐकायचा असेल त्यांनी गाड्या आणाव्यात. पत्रा चांगला असेल तर खणखणतो, गेला असेल तर बद्द वाजतो.