ग्राहकांची वही



आपल्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांचा चरितार्थ दुकानदारीवर चालतो. पूर्वी दुकानात कीर्द व खतावणी असे. कोणाकडे किती येणे, हे त्यांत लिहिलेले असे. परंतु कोणास कोणता माल मानवतो, कोणी काय तक्रार केली, कोणास काय कबूल केले, हे सारे मालकाच्या स्मरणातच राही. मालक गेला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर जाई, आणि जुनी गिऱ्हाइके हळूहळू दुसऱ्या दुकानाची वाट धरीत.

ही उणीव भरून काढणाऱ्या संगणक-प्रणालीस सी. आर. एम. म्हणतात, आम्ही तिला ग्राहकांची वही म्हणू. आज झोहो या नावाने प्रसिद्ध असलेल्या चेन्नईच्या कंपनीने २००५ साली अशी प्रणाली बाजारात आणली. आता अशा प्रणाली मोबाइलवरही चालतात. तीत प्रत्येक ग्राहकाचे एक पान असते. त्याची खरेदी, त्याच्याशी झालेले बोलणे आणि पुन्हा विचारपूस करावयाची तारीख त्या पानावर लिहावयाची. त्या दिवशी वही आपणहून आठवण देते.

आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नावास संरक्षण मिळते. गिऱ्हाईक टिकविणे मात्र विक्रेत्याच्याच हाती असते. हळदीचे पीक वर्षातून एकदाच निघते. पुण्याच्या एखाद्या गृहिणीने यंदा दोन किलो हळद मागविली, तर पुढील वर्षी तिला आठवण कोण देणार? तिला पूड हवी की हळकुंडे, मागील खेपेस पुडी फुटून पोचली होती काय, हे पानावर असेल, तर नवा माल निघताच तिला निरोप जाईल आणि या खेपेस बांधणीही घट्ट होईल. असे थेट गिऱ्हाईक जोडलेल्या विक्रेत्यास दलालाच्या तोंडाकडे कमी पाहावे लागेल.

मात्र दोन पथ्ये पाळावीत. ग्राहकाची माहिती त्याच्या संमतीने व सांगितलेल्या कामापुरतीच वापरावी, हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाचे मुख्य सूत्र आहे. कोणी विश्वासाने ठेवलेली ठेव जपावी, तशी ती माहिती जपावी. दुसरे असे की, दुकान वाढविण्यापूर्वी दिवसाची नोंद पुरी करावी, आणि जे लिहिले ते करावे. हजेरीपटात गैरहजेरी मांडून मास्तराचे काम संपत नाही. मूल का आले नाही, हे विचारण्यास त्याच्या घरी जावे लागते. तसेच वहीने आठवण दिल्यावर चार शब्द बोलणे हे माणसाचेच काम आहे.

म्हणून वडीलधाऱ्या मंडळींस आमची विनंती आहे की, आपल्या स्मरणातील गिऱ्हाइकांची माहिती त्यांनी आताच मुलांस व सुनांस सांगावी, आणि त्यांनी ती लिहून घ्यावी. दुकानाची गादी वारशाने मिळते. गिऱ्हाइकाचा विश्वास दर पिढीस नव्याने मिळवावा लागतो.